टेबलाखालच्या खाचा

ब्लॉगवर त्याने लिहिलं होतं, "शाळा सुटली की आइस्क्रीमच्या त्या दुकानात आम्ही रोज पडीक असायचो." खाली जुन्या मित्राने, ढब्ब्याने, टोमणा मारला, "थापा मारू नकोस. तू जेमतेम दहा वेळा आला असशील."

हे त्याला झोंबलं. आपलं लिहिलेलं खोटं ठरू द्यायचं नाही, या हट्टाने तो बावीस वर्षांनी पहिल्यांदा, आज सकाळच्या गाडीने, गावात उतरला. दुकान कधीच बंद पडलं होतं आणि उद्या पाडणार होते. पण कोपऱ्यातलं टेबल जागेवर होतं. पुरावा त्याच्याखाली होता. दर फेरीला जो तो आपल्या नावापुढे चाकूने एक खाच पाडायचा.

रखवालदाराने काही न विचारता कुलूप काढलं. तो टॉर्च घेऊन टेबलाखाली आडवा झाला.

ढब्ब्याच्या खाचा एकोणचाळीस भरल्या. त्याच्या स्वतःच्या शंभरावर गेल्या, तसा तो खूश झाला. "आता बोल, ढब्ब्या."

पण ओळ संपेना. ती फळीच्या कडेपर्यंत पोचली आणि वळून टेबलाच्या पायावर उतरली. शेवटपर्यंत मोजल्याशिवाय उठायचं नाही, असं ठरवून तो सरकत राहिला. तीनशे झाल्या, पाचशे झाल्या. जमिनीलगतच्या खाचा ताज्या, पांढुरक्या होत्या. शेवटच्या खाचेखाली थोडा भुसा पडला होता.

"झालं का, साहेब?" रखवालदार दारातून म्हणाला. त्याने खिशातून मिटलेला चाकू काढून पुढे केला. "काल इथेच विसरून गेला होतात."