दुसरा ठसा

फोनमध्ये बोटांचे ठसे दोन होते. तिने अंगठा टेकवला की पहिल्याच्या नावावर निळी पट्टी उजळायची. दुसरा मुकाच राहायचा. तिने दहाही बोटं लावून पाहिली. दुसरा ठसा तिचा नव्हताच.

मग तिने केलेले कॉल पाहिले. नवऱ्याला दोन वेगवेगळ्या दुपारी फोन गेले होते, आणि ते तिने लावलेले नव्हते. त्या दोन्ही दुपारी लेकीशी खेळता खेळता तिला सतरंजीवरच डुलकी लागली होती. जाग आली तेव्हा नवरा उशाशी बसलेला. "काम लवकर आटोपलं," म्हणाला होता.

वरच्या मजल्यावर सासूबाई राहायच्या. या घराची एक किल्ली त्यांच्याकडेही असे. "आमच्या वेळी खोलीला कडी नसायची, आणि तुम्ही फोनला कुलपं घालता," असं त्या मागेच बोलून गेल्या होत्या. सून भरदुपारी लोळते, पोर वाऱ्यावर सोडते, हे मुलाच्या कानावर घालायला तेवढं एक बोट पुरे.

तिने नवऱ्याला फोन लावला.

"माझ्या फोनमध्ये आईंचा ठसा घातलायस?"

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"आईचा नाही गं."

"मग कुणाचा?"

"संध्याकाळी आलो की सांगतो. समोर बसून बोलायचंय. तोवर काही काढू नकोस."

"म्हणजे तुला माहीत होतं."

"सकाळची गोळी घेतलीस?"

"विषय बदलू नकोस," म्हणत तिने फोन ठेवला. गोळी तिने घेतली नव्हती. गोळीने दिवसभर अंग जड व्हायचं. वर्षापूर्वी एकदा भोवळ येऊन पडली होती, तर हा अजून तेच धरून बसलाय.

चार वर्षांची लेक बाहुलीला आडवं करत होती. तिने लाकडी ठोकळ्यावर बोट दाबलं आणि तो कानाला लावला.

"बाबा, बाहुली झोपली. लवकर ये."

"बाबांना सांग, बाहुलीवरही नजर ठेवा म्हणावं," ती पुटपुटली.

दुसरा ठसा काढून टाकायचा का, फोनने विचारलं. तिने हो म्हटलं. फोन सतरंजीवर टाकून ती खिडकी उघडायला उठली. कितीतरी वेळाने मोकळा श्वास घ्यावासा वाटत होता.

खिडकीची चौकट तिरकी झाली. जिभेवर लोखंडाची चव आली. मग गाल सतरंजीवर होता. सगळं दिसत होतं, पण हात हलेना, शब्द फुटेना.

लेक रडली नाही. रोजचंच काम असावं तशी तिने उशी आणून आईच्या डोक्याखाली सरकवली. फोन उचलला. जीभ दातांत धरून इवलंसं बोट त्यावर नीट टेकवलं.

फोन थरथरला. उघडला नाही.

लेकीने बोट फ्रॉकला पुसलं आणि पुन्हा टेकवलं.