ताजी माहिती

रुग्णालयाच्या ॲपमधलं नातेवाइकांसाठीचं पान मीच बनवलंय. त्यातली पेशंटची माहिती आपोआप बदलत नाही. कुणी ‘ताजी माहिती’ हे बटण दाबलं, तरच ॲप सर्व्हरला विचारतं. सर्व्हरवर उगाच ताण नको, हे मिटिंगमध्ये मीच ठासून सांगितलं होतं. आज त्याच रुग्णालयात, आयसीयूबाहेरच्या बाकावर, फुलंब्रीहून आलेले माझे वडील, अण्णा, फोन हातात घेऊन बसले होते. डॉक्टरांनी मला आत बोलावलं, आई गेल्याचं दोन वाक्यांत सांगितलं, कागदावर सही घेतली. सही नेहमीसारखीच आली. मी बाहेर येईपर्यंत सिस्टरनी तशी नोंदही केली होती. अण्णांच्या फोनवर मात्र सकाळी सव्वादहाला उघडलेलं पान तसंच होतं: मनकर्णा कडुबा दाभाडे, बेड चार, प्रकृती स्थिर. स्क्रीन माझ्यापुढं धरत ते म्हणाले, “सकाळपासनं स्थिरच हाय बघ. तुझं ॲप लई चांगलंय.” मी शेजारी बसले. बाकाची पट्टी गार लागत होती, एवढंच कळत होतं. “दुपार झाली,” अण्णा म्हणाले, “परत इचारू का त्याला?” त्यांचा अंगठा बटणाजवळ गेला. मी त्या बटणाकडंच बघत होते. त्यांनी माझ्याकडं पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग अंगठा मागं घेतला, बटण न दाबताच फोन खिशात ठेवला आणि म्हणाले, “नगं. आणखी थोडा येळ स्थिरच ऱ्हाऊ दे तिला.”