खोट्या ठरलेल्या खोल्या

हेमांगीने छताला बसवलेल्या सेन्सरखाली धुराची नळी धरली. लाल दिवा लागला, पण भोंगा वाजला नाही. सूतगिरणीतली आगीची यंत्रणा तपासायला ती आली होती आणि कामगार बायकांच्या खोल्यांपाशी अडली होती. सेन्सर ठीक होता, त्याचा संदेशही पोचत होता. पण गिरणीतले बाकीचे सेन्सर, आपल्याकडे धूर नाही म्हणून, मिळून तो खोटा ठरवत होते.

"यंत्रणा स्वतःच शिकली, मॅडम," व्यवस्थापक दाभाडे कौतुकाने म्हणाले. "या बायका रोज भाकऱ्या भाजतात. धूर झाला की भोंगा वाजून गिरणी बंद पडायची. आता यंत्रणा या खोल्यांवर विश्वासच ठेवत नाही."

"माझी गादी पेटली, तेव्हाही नाही ठेवला," दारात उभी असलेली मालन म्हणाली. तिचा हात कोपरापर्यंत भाजून आकसला होता. "आम्हीच विझवली."

"यंत्रणेच्या मते तेव्हा आग नव्हतीच," दाभाडे म्हणाले.

हेमांगीच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"हा हात दिसत नाही तुम्हाला?"

तिने तिथल्या तिथे यंत्रणा नापास केली. आगीची यंत्रणा पास असल्याशिवाय गिरणी चालूच राहत नसे; त्यासरशी गिरणीतली सगळी यंत्रं थांबली. दाभाडे ओरडू लागले.

"ओरडा," ती म्हणाली. "या बायकांचं ऐकायला यंत्रणा शिकेपर्यंत गिरणी चालणार नाही."