साडेबाराचा निरोप

सिंकखाली उकिडवा बसलेला मुलगा गळक्या नळीशी झटत होता, दोन्ही हात कोपरापर्यंत काळ्या पाण्यानं माखलेले. आणि आई ओट्याला टेकून स्वतःच्या मोबाइलकडे बघत होती. शेगडीवरचा भात अजून शिजायचा होता.

साडेबारा वाजले, की ‘जेवलास का?’ असं ती त्याला रोज लिहायची. तो कालच चार दिवसांच्या रजेवर घरी आला आहे, हे आज तिच्या बोटांच्या ध्यानात राहिलं नव्हतं. निरोप गेला. ओट्यावर पडलेला त्याचा मोबाइल उजळला, आणि कोणाचाही हात न लागता तिला उत्तर आलं : ‘हो आई, आत्ताच जेवलो. तू गोळी घेतलीस ना?’

उभी हयात टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काढलेली बाई ती. पलीकडच्या नुसत्या श्वासावरून माणूस ओळखायची. अक्षरांना श्वास नसतो.

तिनं पुन्हा लिहिलं, या वेळी जाणूनबुजून : ‘कुठे आहेस?’

‘ऑफिसात गं. जरा गडबड आहे. जप स्वतःला.’

“आई, तो पाना दे गं जरा,” सिंकखालून आवाज आला.

तिनं मोबाइलच त्याच्यासमोर धरला. त्यानं वाचलं. हसून बघितलं, जमलं नाही.

“अगं, मोबाइलनंच माझ्या वतीनं उत्तर द्यायची सोय असते ती. मी मीटिंगमध्ये असलो, की तू उगाच जिवाला घोर लावून घेतेस. सगळं मीच शिकवलंय त्याला. ‘गं’ म्हणायचंसुद्धा.”

“केव्हापासून?”

“झालं असेल वर्ष. चुकीचं काही बोललं का ते कधी? तूच मावशीला सांगत होतीस ना, पोरगा हल्ली किती मायेनं विचारतो म्हणून?”

“सांगत होते खरी.”

ती स्टुलावर बसली. मागचे महिने बोटानं सरकवत राहिली, आणि एका जागी थांबली.

“बाबांना ऑपरेशनला आत नेलं, तेव्हा बाहेर बाकावर मी एकटी होते. फार भीती वाटतेय, असं तुला लिहिलं. ‘आई, मी आहे ना.’ तेवढ्यावर मी ते चार तास काढले.” तिनं मान वर केली. “ते कोण होतं रे?”

मुलगा उठला. ओल्या हातांनीच त्यानं ओट्यावरचा मोबाइल उचलला, त्या दिवसाचा निरोप शोधून पाहिला, आणि पडदा छातीकडे वळवून बाहेरच्या खोलीत निघून गेला.