न विझणारी चरबी

हर्षदाने आईला शीतखोलीत घेण्यापुरतं दार उघडलं, तर बाहेरच्या वैशाखाच्या झळेने तिला भोवळ आली. तिने घाईने दार लावलं. नंदुरबारहून आलेली तिची आई, सिंधूबाई, आत येताच दोन शाली पांघरूनही काकडत होती.

लग्नाआधी बारीक व्हायला हर्षदाने ते इंजेक्शन घेतलं होतं. मिरचीतला तिखट अंश चरबीच्या पेशींना थोडा वेळ चरबी जाळायला लावतो. इंजेक्शनने तेच काम कायमचं करून टाकलं. चरबी झडली, पण पेशी थांबेनात. आता ती सारखी खात होती, आणि खाल्लेल्याची नुसती उष्णता होत होती.

"डॉक्टर काय म्हणतात?" आईने विचारलं.

"नव्या पेशीही तशाच निघतात म्हणे. उतारा अजून सापडलेला नाही."

"मग मी इथंच राहते."

"आई, तुला दमा आहे. या थंडीत तुझा निभाव लागायचा नाही."

"आणि तुझा बाहेर?"

हर्षदाने आईला कुशीत घेतलं. शेकोटीजवळ सरकावं तशी आई तिला बिलगली. हळूहळू तिची हुडहुडी थांबली आणि तिला झोप लागली.

थोड्या वेळाने हर्षदाचे हातपाय भुकेने थरथरू लागले. खाण्याचा डबा समोरच्या टेबलावर होता. उठलं तर आई जागी होईल, आणि जागी झाली की तिला बाहेर पाठवावं लागेल. हर्षदा डब्याकडे बघत तशीच बसून राहिली.