कारल्यातला गूळ

“ही नकोत, मावशी. ती बारकी द्या. गावरान.”

अंबूबाईच्या हातातला तराजू अधांतरीच राहिला. कामशेतच्या बाजारात ती कित्येक वर्षं भाजी विकत होती. कुणाच्या घरी काय शिजतं, हे त्या घरातल्या माणसांपेक्षा तिलाच जास्त ठाऊक. लांबडी, पांढरट कारली तिनं माधवीला न विचारताच पारड्यात टाकली होती.

“अगं, तुमच्या घरात हीच जात्यात. उज्ज्वला हीच न्यायची. गावरान लय कडू असत्यात, बाई.”

“कडूच पाहिजेत,” माधवी म्हणाली. तिचं तिलाच नवल वाटलं.

उज्ज्वला म्हणजे निवृत्तीची पहिली बायको. ती तापाचं निमित्त होऊन गेली आणि पुढच्या वर्षी माधवी दुसरेपणावर बेडशातल्या त्या घरात आली. लग्नाच्या दिवशी सासूनं, झुंबरबाईनं, काळ्या दोऱ्यात ओवलेली चांदीची पुतळी तिच्या गळ्यात बांधली. सवतीची पुतळी, गेलेलीच्या नावाची. नवं लुगडं आधी तिला लावायचं, मग नेसायचं. घास आधी तिला दाखवायचा, मग खायचा. माधवीनं मान डोलावली. रीतच होती ती, माहेरी तिच्या काकूनंही पाळलेली. गळ्यातल्या पुतळीचं तिला कधी ओझं झालं नाही. ओझं व्हायचं ते स्वयंपाकघरात.

“उज्ज्वला कारल्याला मीठ चोळून पिळून घ्यायची.” “उज्ज्वला चिंचेच्या कोळात शिजवायची.” “गूळ घालताना उज्ज्वलेचा हात आखडायचा न्हाई, बरं का.” सासू उंबऱ्यात बसून सांगायची आणि माधवी करायची. कडू कारलं तुपात तळलं, साखरेत घोळलं तरी कडूच, असं जग म्हणतं. या घरानं जगाला खोटं पाडलं होतं. इथलं कारलं मुरांब्यासारखं लागायचं. निवृत्ती तळेगावच्या कंपनीतून दमून यायचा, पहिला घास घ्यायचा आणि म्हणायचा, “अगदी तशीच झालीय भाजी.” बिचाऱ्याला वाटायचं, आपण बायकोचं कौतुक केलं.

जिवंत सवत असती तर माधवी भांडून मोकळी झाली असती. मेलेलीशी काय भांडणार? मग हळूहळू तिला उज्ज्वलेची भीतीच वाटायला लागली. फोडणी टाकताना पाठीशी कुणीतरी उभं आहे, आपला हात न्याहाळतंय, असं वाटायचं. वळून बघितलं की नुसतं फडताळ. परवा तर कहर झाला. माहेरी, आंदर मावळात, आईनं तिच्या आवडीची कारल्याची कुरकुरीत काचरी पानात वाढली आणि माधवीचा हात आपसूक गुळाच्या डब्याकडं गेला. आई हसली. माधवीच्या अंगावर मात्र काटा आला. आता उज्ज्वला आपल्या जिभेवर येऊन बसली, काही दिवसांनी आपण उरणारच नाही, असं तिच्या मनानं घेतलं. म्हणूनच आज गावरान कारली घेतली होती.

घरी येऊन तिनं ती धुतली. काटे खरवडले नाहीत, मीठ चोळलं नाही, पिळली नाहीत. पातळ चकत्या केल्या. तेल चांगलं तापू दिलं, ठेचलेला लसूण टाकला, वर चकत्या. मीठ अगदी शेवटी, म्हणजे पाणी सुटत नाही आणि काचरी कुरकुरीत राहते. पाठीशी कुणीतरी उभं राहिलंच. “आज नाही,” माधवी पुटपुटली. तिनं वळून बघितलं नाही. हात गुळाच्या डब्याकडं गेला नाही.

रात्री जेवताना निवृत्तीचा पहिलाच घास तोंडात अडला. त्यानं आईकडं बघितलं. झुंबरबाईनं चिमूटभर काचरी तोंडात टाकली. चावता चावता ती थांबली. तिचे डोळे भरून आले.

“कुणी शिकवलं तुला हे?” सासूचा आवाज ओळखू येत नव्हता.

“माझ्या आईनं.” माधवीला आता थांबता येईना. “आत्याबाई, काय बोलायचं ते बोला. पण मला रोज उज्ज्वलाताईंचं रांधायचं नाही. मलाही माझी जीभ आहे.”

बोलून गेली आणि घाबरली. निवृत्तीनं मान खाली घातली. झुंबरबाईनं मात्र आणखी एक चकती उचलली आणि सावकाश चावली.

“ते गुळाचं कारलं उज्ज्वलेचं न्हाईच,” ती म्हणाली. “नवी व्हती तवा तिनंबी आसंच केलतं. मी ताट बाजूला सारलं. मग तीबी मुकाट गूळ घालाया लागली.”

“म्हणजे गूळ तुम्हाला आवडतो?”

“मला?” म्हातारी हसली, पण ते हसू काही खरं नव्हतं. “मला कडूच आवडायचं, पोरी. पर मीबी दुसरेपणाचीच. ह्या घरात आले, तवा सासूनं पयल्याच दिवशी सांगितलं, आमची आधीची कारल्यात गूळ घालायची. मग काय, तिची पुतळी घातली अन् तिची चव रांधली.”

निवृत्ती आईकडं बघतच राहिला. आईच्या आधी कुणीतरी होती, एवढंच त्याला माहीत होतं.

“कशी होती ती?” माधवीनं विचारलं.

झुंबरबाईनं काचरीसाठी ताट पुढं केलं.

“मला काय ठावं? मी तर तिला बगितलीबी न्हाई.”