संदेशातली रिकामी जागा

कढीत लसूण नको. धनुष्कोडीच्या वाळूचे तळपायांना चटके बसतायत. माळ्यावर डग्गा आहे, तबला कुठे गेला कुणास ठाऊक. "बेबी, दार ओढून घे!"

यातली एकही आठवण शालनमावशींची नव्हती. तरी वर्षभर त्या त्यांच्याच डोक्यात उमटत होत्या.

"तुमच्या स्मृतियंत्राच्या नेटवर्क ड्रायव्हरमध्ये, म्हणजे बाहेर संदेश पाठवणाऱ्या भागात, दोष आहे," त्यांच्या कानामागची पट्टी तपासत निखत म्हणाली. ती कंपनीकडून आली होती. "संदेश छोटा असला, की उरलेल्या जागेत तो मेमरीत पडलेलं काहीही भरून पाठवतो. इमारतीतल्याच कुणाचं तरी तुमच्याकडे येतंय. तुमचंही तिकडे जात असणार. अपडेट केलं की बंद."

"सगळंच?"

"मावशी, परक्या माणसाला तुमच्या डोक्यातलं कळतंय! लाज नाही वाटत?"

"वाटते ना. म्हणून तर हल्ली जरा नीटनेटका विचार करते."

निखत हसली आणि अपडेटच्या बटणाकडे वळली. शालनमावशींनी तिचं मनगट धरलं.

"राहू दे गं. जेवताना तेवढीच सोबत होते."

तिसऱ्या मजल्यावर एकटे राहणाऱ्या दाभाडकरांनी हेच अपडेट उन्हाळ्यातच नाकारलं होतं.